काळे पडलेले नाणे ‘खराब’ असते का?

पत्राचा सारांश : वडिलांच्या निधनानंतर एका वाचक भगिनीकडे त्यांचा चांदीच्या नाण्यांचा संग्रह आला आहे. पत्र्याच्या एका डब्यात सुमारे दीडशे नाणी आहेत. त्यांत ब्रिटिश अमदानीतील रुपये सर्वाधिक असून काही इंग्लंड-अमेरिकेची नाणीही आहेत. काही नाणी वडिलांच्या अक्षरातील टिपणे असलेल्या कागदी पाकिटांत, काही मऊ प्लास्टिकच्या कप्प्यांच्या वहीत, तर उरलेली सुटी आहेत. बरीचशी काळी पडली आहेत, काहींवर निळसर-जांभळी झाक आहे आणि वहीतील चार-पाच नाण्यांवर हिरवट, चिकट थर आला आहे. भाच्याने त्यांतील एक नाणे टूथपेस्टने घासून लख्ख करून दाखवले. ते पाहून सगळीच नाणी तशी करावीत आणि मग जाणकाराला दाखवावीत, असे त्यांना वाटते. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, चांदी ती चांदी, सरळ वजनावर वाटून घेऊ. नाण्यांची अवस्था घरच्या घरी कशी ओळखावी, ती स्वच्छ करावीत का, वजनावर वाटणी न्याय्य ठरेल का आणि घासलेले नाणे पूर्ववत होईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार,

तुमच्या पत्रात ‘खराब’ हा शब्द पाच ठिकाणी आला आहे आणि पाचही ठिकाणी तुम्हाला म्हणायचे आहे ते ‘काळे’. या दोन शब्दांची फारकत करणे हे माझ्या मते तुमचे पहिले काम आहे, आणि त्यासाठी नाण्याला हातही लावावा लागत नाही. म्हणून आधी एक विनंती करते : या पत्राचे उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत आणखी एकही नाणे घासू नका, पुसू नका, पाण्यात टाकू नका. वडिलांनी इतकी वर्षे जपलेल्या नाण्यांना आणखी महिनाभराने काही होणार नाही.

चांदी काळी पडते ती हवेतील हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंमुळे. पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढतो. तो सुरुवातीला इतका पातळ असतो की, त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून रंग दिसू लागतात : आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. थर जाड होत गेला की करडा आणि शेवटी काळा. म्हणजे तुमच्या नाण्यांवरची निळसर-जांभळी झाक हा डाग नव्हे, तर त्याच थराचा एक टप्पा आहे. संग्राहक त्याला ‘टोनिंग’ म्हणतात, आणि ते एकसारखे व नैसर्गिक असेल तर अनेक जण असे नाणे मुद्दाम पसंत करतात, कारण हा पृष्ठभाग बराच काळ कोणी छेडलेला नाही, याची ती खूण असते. मात्र प्रत्येक काळे नाणे सुंदर असते, असे मी म्हणणार नाही. थर फार जाड आणि खरबरीत झाला असेल, तर खालची चकाकी कायमची गेलेली असू शकते. पण ते ठरवायचे असते निरखून, घासून नव्हे.

घासण्यात नेमके काय होते, ते समजून घ्या, म्हणजे भाच्याला सांगतानाही सोपे जाईल. टूथपेस्टमध्ये बारीक कण असतात आणि ते सल्फाइडबरोबर खालची चांदीही खरवडून नेतात. मागे राहतात केसासारखे असंख्य ओरखडे, ज्यांना जाणकार ‘हेअरलाइन’ म्हणतात. चांदी साफ करण्याच्या तयार द्रावणात ओरखडे पडत नाहीत हे खरे. पण तेही दर वेळी पृष्ठभागाचा सूक्ष्म थर विरघळवते, आणि दोन-चार वेळा बुडवलेले नाणे पांढरेफटक, निर्जीव दिसू लागते. ॲल्युमिनियमची फॉइल आणि सोड्याचा उपाय तुम्ही ऐकला असेल. त्यात सल्फाइडचे पुन्हा चांदीत रूपांतर होते, म्हणून तो सुरक्षित वाटतो. परंतु ती परतलेली चांदी मूळच्यासारखी गुळगुळीत बसत नाही आणि नाणे निस्तेज होते. भांड्यांसाठी हे सारे ठीक आहे, कारण भांड्याचा पृष्ठभाग आपण वापरतो. नाण्याचा पृष्ठभाग आपण वाचतो. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : जाणकाराला दाखवण्यापूर्वी काहीही स्वच्छ करू नका. त्याला पाहायचा असतो तो हा न छेडलेला पृष्ठभागच.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. नाण्याची अवस्था म्हणजे एकच एक गोष्ट नसते. झीज किती, टाकसाळीतली मूळ चकाकी किती उरली, धक्के-ओरखडे किती आणि कुठे, मुळात ठसा किती खोल उमटला होता आणि नंतर कोणी काही केले आहे का, या पाच गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. यासाठी पाचपट ते दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, एकाच बाजूने उजेड पडेल असा टेबलावरचा दिवा आणि खाली अंथरायला मऊ कापड एवढे पुरेसे आहे. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. हात धुऊन कोरडे करा आणि नाणे फक्त कडेवर, दोन बोटांत धरा. अंगठा पृष्ठभागावर टेकला तर त्याचा तेलकट ठसा काही महिन्यांनी नाण्यावर कायमचा उमटतो. पाकिटातून नाणे काढताना ते ओढू नका, पाकीट किंचित उघडून कापडावर अलगद सरकू द्या.

समजा, तुम्ही व्हिक्टोरियाचा एखादा रुपया घेतला. तो दिव्याखाली तिरपा धरा आणि सावकाश गोल फिरवा. ठसा मारताना प्रचंड दाबाने धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. या रेषा शाबूत असतील, तर नाणे फिरवताना चक्राच्या आऱ्यांसारखे उजेडाचे दोन पट्टे नाण्यावरून फिरताना दिसतात. हीच मूळ चकाकी. काळ्या-निळ्या थराखालूनही ती पुष्कळदा स्पष्ट दिसते, हे स्वतः पाहाल तेव्हा ‘खराब’ हा शब्द तुमच्या मनातून आपोआप जाईल. त्यानंतर भाच्याने घासलेले नाणे त्याच दिव्याखाली तसेच फिरवा. तेही चमकेल, पण ती चमक आरशासारखी, सगळीकडून एकदम येणारी असेल. पट्टा फिरणार नाही, आणि एका विशिष्ट कोनात एकाच दिशेने गेलेल्या बारीक रेषांचे पुंजके झळकून नाहीसे होतील. ही दोन नाणी शेजारी ठेवून पाहिलेली दहा मिनिटे पुस्तकातल्या दहा पानांइतकी उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

झीज पाहायची ती उंचवट्यांवर. राजा-राणीचा चेहरा असलेल्या नाण्यात गाल, भुवई, कानाजवळचे केस आणि मुकुटाचा पुढे आलेला भाग आधी झिजतो. अमेरिकेच्या मॉर्गन डॉलरवर स्त्रीमुखाच्या कानावरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाची छाती. झिजलेली जागा आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा वेगळी, मंद करडी दिसते आणि उजेडाचा पट्टा तिथे पोहोचला की तुटतो. इथे एक फसगत होते. उंचवट्यावरचे तपशील पुसट असूनही पट्टा तिथून अखंड जात असेल, तर ती झीज नसून टाकसाळीतच ठसा उथळ बसलेला आहे. एकाच राजाचे, एकाच वर्षाचे दोन रुपये याच कारणाने वेगळे दिसतात आणि नवखा माणूस चांगल्या नाण्याला झिजलेले ठरवून मोकळा होतो.

या साऱ्याला नावे आहेत आणि त्या नावांत एक सापळा आहे. ‘फाईन’ हा शब्द ऐकून आपल्याला वाटते, नाणे उत्तम असेल. प्रत्यक्षात ‘फाईन’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेले, केसांचे तपशील सपाट झालेले पण आकृती आणि अक्षरे स्पष्ट असलेले नाणे. त्यावर ‘व्हेरी फाईन’, मग ‘एक्स्ट्रीमली फाईन’, मग नाममात्र झीज असलेले ‘अबाउट अनसर्क्युलेटेड’ आणि सर्वांत वर व्यवहारात न फिरलेले ‘अनसर्क्युलेटेड’. आकड्यांची पद्धत अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये मांडली, तीही तेथील जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. 1 ते 70 ही तीच मोजपट्टी आता चांदीच्या नाण्यांनाही लावली जाते. त्यात ‘फाईन’ 12 पासून सुरू होते आणि 60 पासून पुढे न फिरलेली नाणी येतात. नाणी तपासून सीलबंद डबीत आकड्यासह देणाऱ्या संस्था आहेत. त्यांतील दोन मोठ्या, पीसीजीएस आणि एनजीसी, अनुक्रमे 1986 आणि 1987 मध्ये सुरू झाल्या. घासलेले नाणे तिथे गेले, तर त्याला सहसा आकडा मिळत नाही, केवळ तसा शेरा मिळतो. तुम्ही मात्र आकड्यांच्या मागे लागू नका. 53 की 55 यावर जाणकारांचेही एकमत होत नाही. ‘खूप झिजलेले’, ‘मध्यम’, ‘तपशील स्पष्ट’ आणि ‘पट्टा फिरतो’ असे चार गट केलेत, तरी घरच्या पातळीवर ते भरपूर झाले.

गट करताना कडा पाहायला विसरू नका. पुष्कळ लोक नाण्याच्या दोनच बाजू पाहतात आणि तिसरी बाजू, म्हणजे कंगोऱ्यांची कड, तशीच राहते. नाणे कधी दागिन्यात अडकवलेले असेल, तर कडेवर टाक्याची गाठ, घासून सपाट केलेली जागा किंवा बुजवलेले भोक सापडते. असे नाणे समोरून कितीही देखणे असले, तरी ते इजा झालेलेच धरले जाते. पृष्ठभागावर छोटे ठसे, चांदण्या किंवा अक्षरे खोदलेली दिसली, तर ती बहुधा चांदीचा कस पारखणाऱ्या सराफांची किंवा व्यापाऱ्यांची खूण असते. तिने अवस्था उणावते. पण पूर्वेकडील व्यापारासाठी पाडलेल्या आणि चिनी व्यापाऱ्यांच्या खुणा असलेल्या ‘ट्रेड डॉलर’ नाण्यांचे स्वतंत्र संग्राहक आहेत, हे लक्षात असू द्या. फार जुन्या युरोपीय नाण्यांवर कानशीच्या समांतर रेघा असतील, तर घाई करू नका. ठसा मारण्यापूर्वी चकतीचे वजन बरोबर करण्यासाठी टाकसाळीतच ती घासत असत, त्यामुळे ती नंतरची इजा नव्हे.

आता वाटणीकडे वळते. ‘चांदी ती चांदी’ या तुमच्या बंधूंच्या म्हणण्यात प्रामाणिकपणा आहे, कारण वजनाचा काटा पक्षपात करत नाही. अडचण अशी की, या बाबतीत काट्याला फारसे दिसतही नाही. व्हिक्टोरियाच्या रुपयाचे वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात सुमारे 91.7 टक्के चांदी. 1940 पासूनच्या चांदीच्या रुपयाचे वजनही तेच 11.66 ग्रॅम, पण चांदी निम्मीच, 50 टक्के. 1947 चा रुपया तर निकेलचा आहे आणि चुंबकाला चिकटतो. इंग्लंडच्या हाफ क्राऊनचेही तेच : 1919 पर्यंत 92.5 टक्के चांदी, 1920 ते 1946 निम्मी, वजन मात्र सारखेच 14.14 ग्रॅम. म्हणजे वजनावर वाटले, तर चांदीचीसुद्धा समान वाटणी होणार नाही. अवस्थेची गोष्ट त्याहून पुढची आहे. पार झिजलेला रुपया आणि जवळजवळ नवा रुपया यांच्या वजनात ग्रॅमच्या काही दशांशांचाच फरक पडतो. डोळ्याला दिसणारे अंतर काट्यावर जवळजवळ दिसतच नाही. हे बंधूंना वाद म्हणून सांगू नका. दोन नाणी दिव्याखाली धरून त्यांना स्वतः पाहू द्या.

एखाद्या नाण्याच्या खरेपणाबद्दल शंका आली, तर घरी करता येण्याजोगी एक चाचणी आहे. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या छोट्या डिजिटल काट्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. मग नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला लागणार नाही, असे लोंबकळत धरा. काटा जो आकडा दाखवेल, त्याने नाण्याच्या वजनाला भागले की घनता मिळते. 91.7 टक्के चांदीच्या रुपयाला काटा 1.13 च्या आसपास आकडा दाखवील, म्हणजे घनता सुमारे 10.3, 50 टक्क्यांच्या रुपयाची साधारण साडेनऊ, आणि पितळेवर मुलामा दिलेला असेल, तर साडेआठच्या जवळपास. नंतर नाणे पुसू नका, मऊ कापडावर ठेवून पाणी टिपून घ्या. ही चाचणी शंकास्पद नाण्यांपुरतीच ठेवा. ज्यांवर पट्टा फिरतो, त्यांना पाण्याजवळ नेण्याचे कारण नाही.

तुम्ही सगळ्यांत जुनी नाणी वेगळी काढली आहेत, असे लिहिले आहे. हरकत नाही, पण साल म्हणजे वय असेलच असे नाही. 1862 चे साल असलेले रुपये पुढची कित्येक वर्षे त्याच सालाने पाडले जात होते, आणि ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा थालर तिच्या मृत्यूनंतरही 1780 या सालानेच निघत राहिला. भरपूर संख्येने निघालेल्या नाण्यात सालापेक्षा अवस्थाच निर्णायक ठरते. जे मुळातच दुर्मीळ आहे, ते झिजलेले असले तरी लोक हवेहवेसे म्हणून घेतात.

हिरवट, चिकट थराची चार-पाच नाणी ही तुमच्या संग्रहातील एकमेव तातडीची बाब आहे. वहीचे मऊ, उग्र वासाचे कप्पे पीव्हीसीचे असावेत. काळ जाईल तसे त्यातून चिकट द्रव आणि आम्ल बाहेर पडते आणि ते चांदीत मिसळलेल्या तांब्याला खाऊ लागते. आधी वहीतील सगळीच नाणी बाहेर काढा, हिरवी नसलेलीसुद्धा. थर असलेल्या नाण्यांपुरता, आणि केवळ त्यांच्यापुरता, उपाय म्हणजे शुद्ध ॲसिटोन. ते चांदीवर कोणतीही क्रिया करत नाही, फक्त चिकटपणा विरघळवते. नखांचा रंग काढायचे द्रावण वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतात. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी असू देऊ नका, कारण ॲसिटोन क्षणात पेट घेते. काचेच्या वाटीत नाणे काही मिनिटे बुडवा, दुसऱ्या वाटीतील ताज्या ॲसिटोनमधून काढा आणि चोळल्याशिवाय वाळू द्या. खाली खड्डे पडलेले दिसले, तर तिथेच थांबा. ते भरून येत नाहीत.

पुढे ठेवण्यासाठी पॉलिएस्टरचे, म्हणजे मायलारचे, कडक आणि हाताळताना करकरणारे कप्पे घ्या. रबरबँड, लोकरीचे कापड आणि साधा पुठ्ठा यांतून गंधक निघतो, म्हणून ते डब्यात नकोत. वडिलांची कागदी पाकिटेही याच कारणाने नाण्यांपासून दूर करावी लागतील, पण टाकून देऊ नका. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या, तोच क्रमांक त्याच्या पाकिटावर पेन्सिलीने लिहा आणि पाकिटे वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. नाणे कुठून, कधी आले याबद्दल त्यांनी लिहिलेली ओळ हा त्या नाण्याच्या ओळखीचा भाग आहे आणि ती दुसरे कोणी पुन्हा लिहू शकणार नाही. वहीत क्रमांक, साल, वजन, कडेची स्थिती आणि तुम्ही ठरवलेला गट एवढे नोंदवा. दोन्ही बाजूंचे छायाचित्र त्याच दिव्याखाली, त्याच कोनातून घ्या.

ही नोंद झाली की वाटणी सोपी होईल. सारखे साल आणि सारखी अवस्था असलेली नाणी दोघांत समान वाटता येतील. जी एकुलती एक आहेत, ती एका बाहेरच्या जाणकाराला दाखवून मगच ठरवा, आणि त्या वेळी तुम्ही दोघेही समोर असा. एकाच जाणकाराने मत दिले आणि तोच ती नाणी विकत घ्यायलाही तयार असला, तर दुसरे मत घ्या. आणखी एक मार्ग सुचवते, पटला तर पाहा : झिजलेली, सर्वसाधारण नाणी वाटून घ्यावीत आणि वडिलांनी पाकिटावर काही लिहिलेली नाणी पाकिटांसह एकत्रच, एकाच घरी ठेवावीत. नोंदवहीची प्रत मात्र दोघांकडे असावी.

शेवटचा प्रश्न घासलेल्या नाण्याचा. ते पूर्ववत होणार नाही. काही वर्षांत त्यावर पुन्हा पिवळसर, मग करडा रंग चढेल, पण रेषा त्याखाली तशाच राहतील. त्यावर कृत्रिम रंग चढवण्याचे उपाय कोणी सुचवले, तर ऐकू नका. इतर नाण्यांसारखाच त्याला क्रमांक द्या, नोंदीत ‘घासलेले’ असे लिहून तारीख घाला आणि भिंगाशेजारी एका स्वतंत्र कप्प्यात ठेवा. उरलेली नाणी तपासताना तुलनेसाठी तेच तुम्हाला सर्वांत जास्त लागणार आहे. आणि भाचा पुढच्या वेळी आला की दिवा त्याच्या हातात द्या. त्याने घासले ते तुम्हाला आनंद व्हावा म्हणूनच. नोंदी करायला तुम्हाला एक मदतनीस लागेलच.